हायड्रोमीटर: आठ महिने आणि अकरा बॅच नंतरचा अनुभव

आठ महिने झाले, अकरा बॅच झाल्या, आता लिहायला हरकत नाही. वीतभर काचेची नळी, खाली वजन, आत आकड्यांची कागदी पट्टी, एवढंच ते यंत्र. द्रवात तरंगतं आणि तो पाण्यापेक्षा (१.०००) किती जड आहे, म्हणजे त्यात साखर किती उरलीय, त्याचा अंदाज देतं. पण घरी बीअर करणाऱ्याने बाकीचं सगळं नंतर घ्यावं आणि हे आधी घ्यावं, असं माझं ठाम मत झालंय.

आम्हा लोकांचं सगळं एअरलॉकवर चालतं, म्हणजे आतला गॅस बुडबुड्यांनी बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या झडपेवर. दोन ब्रू करणारे भेटले की "कसा आहेस" नंतर, आधी "बुडबुडे येतायत का?" रात्री झोपायच्या आधी फर्मेंटरपाशी (बीअर आंबवायच्या भांड्यापाशी) जाऊन कान लावणं तर सगळेच करतात, एक मित्र दोन बुडबुड्यांमधले सेकंद मोजून मेसेज करतो आणि आम्ही पण लगेच आपापले सेकंद कळवतो. लेकराला झोप लागली का बघून येतात तशी माया आहे त्यात, मला फार आवडतं ते. पण बुडबुड्यांवर बॉटलिंग ठरवू नका. झाकण जरा सैल बसलं की गॅस कडेनं निघून जातो, एअरलॉक एकदम गप्प आणि आत यीस्टचं काम जोरात चालू. उलट सगळं संपल्यावर खोली तापली की बीअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि एअरलॉक परत बोलायला लागतं!

हे घेण्याआधीच्या बॅचला बुडबुडे थांबले म्हणून सहाव्या दिवशी बाटल्या भरल्या, साखर उरलेली होती, बंद बाटलीत गॅस साठत गेला, तीन आठवड्यांनी मध्यरात्री कपाटात एक बाटली फुटली. दाराच्या आतल्या बाजूला काच रुतली होती. कोणी जवळ नव्हतं म्हणून निभावलं.

आता सुरुवातीला रीडिंग घेतो, समजा १.०५०, शेवटी १.०१०, फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोल साधारण ५.२ टक्के. आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला तरच बाटल्या. नळी सोडली की बोटांनी एक गिरकी द्यायचीच, नाहीतर काचेला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. आल्या आल्या साध्या पाण्यात २० अंशाला तपासून घ्या, १.००० यायला हवं, माझं १.००२ दाखवतं म्हणून मी दर वेळी तेवढं वजा करतो. वर्ट (बीअर होण्याआधीचं धान्याचं गोड पाणी) ३० अंशाला असेल तर ०.००२-०.००३ कमी दिसतं. उकळत्या वर्टमध्ये अजिबात घालू नका, तडकेल.

तक्रार एकच, काच फार पातळ आणि आकार गोल, त्यामुळे ओट्यावर आडवं ठेवलं की घरंगळतं. "दुसरं आणून ठेवलं की पहिलं फुटत नाही" असं आमच्यात म्हणतात, आणि खरंच, पाचव्या महिन्यात माझं फुटलं तेव्हा घरात दुसरं नव्हतं. दोन घ्या.

रीडिंगसाठी काढलेलं सॅम्पल परत ओतायचं नाही, इन्फेक्शन होतं, म्हणून ते प्यायचं. चौथ्या दिवसाचं ते कोमट, गढूळ, गॅस नसलेलं घोटभर आम्ही सगळे मान डोलावत पितो आणि म्हणतो "येतेय, येतेय". पण त्यातून कळतं खूप. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बीअर अजून कच्ची आहे, लोण्यासारखा आला तर दोन-तीन दिवस जरा उबेत तशीच ठेवा, यीस्ट स्वतःच ते आवरून घेतं. आकडा आणि जीभ दोन्ही जुळले की जो आनंद होतो ना, तो पहिल्या बाटलीइतकाच मोठा.

बाराव्या बॅचचं परवा १.०१४ आलं, आज १.०१२. एअरलॉक कालपासून गप्प आहे. बाटल्या धुऊन ओळीत मांडून ठेवल्यात, पण रविवारपर्यंत थांबतोय.