जनरल नॉलेजचा कार्डांचा डबा : दोन महिने खेळून झाल्यावर लिहितेय

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरं मोबाईल सोडेनात म्हणून लातूरच्या गंजगोलाईतल्या (गोल बाजारपेठेतल्या) एका स्टेशनरीच्या दुकानातून हा डबा आणला, 450 ला पडला. आत 400 कार्डं आहेत, लाल इतिहासाची, हिरवी खेळाची, निळी भूमितीची आणि पिवळी सिनेमा-गाण्यांची, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आहे आणि 10 कोरी कार्डं पण दिलीत. कंपनीचं नाव टाकत नाही, चुका त्यांना कळवल्यात, सुधारतील अशी आशा आहे.

आधी चांगलं सांगते. आमच्याकडं संध्याकाळी लाईट गेली की अंगणात सतरंजी टाकून बसायचं हे आता ठरलेलंच झालंय. नववीतली लेक, सहावीतला मुलगा, मी आणि सासूबाई. सासूबाईंना वाचता येत नाही पण पिवळ्या कार्डांत त्या आम्हाला हरवतात बगा. 1913 च्या राजा हरिश्चंद्र मध्ये तारामतीचं काम कुणी केलं असं एक कार्ड आलं, उत्तर अण्णा साळुंके, म्हणजे पुरुष, कारण तेव्हा सिनेमात काम करायला बाई मिळतच नव्हती. लेकरं हसायली तर सासूबाई म्हणल्या, "त्यात काय हसायचं रं, आमच्या गावच्या जत्रंत बी सीता गडीच व्हायचा, मिशी काढून." मग पुढचा अर्धा तास कार्डं बाजूला आणि जत्राच चालू.

खेळाची कार्डं मुलाची. खाशाबा जाधवांचं 1952 च्या हेलसिंकीचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे त्याला झोपेत विचारलं तरी येतं. स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 3000 मीटरला पाण्याच्या उड्या किती, हे मात्र आम्हा कुणालाच आलं नाही (7 असतात, आणि अडथळे 28). मग मी सांगितलं की आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये यात चांदीचं पदक आणलंय, 8 मिनिटं 11.20 सेकंदात, तेव्हापासून पोरगा अंगणात विटा मांडून उड्या मारायलाय. डब्यात साबळेचं कार्ड मात्र नाही, असायला पाहिजे होतं.

आता चुका, आणि यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण लेकरं छापलेलं खरं मानतात. एका हिरव्या कार्डावर भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी असं उत्तर आहे. असा कुठलाच खेळ सरकारनं जाहीर केलेला नाही, 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात विचारल्यावर सरकारनंच तसं सांगितलंय.

दुसरी चूक भूमितीची. "पाय ची किंमत किती?" उत्तर 22/7, बास, एवढंच. लेकीनं वही काढून भागाकार केला, 3.142857 आणि पुढं परत 142857, परत तेच, तेच. ती म्हणली, मम्मी सरांनी तर सांगितलं की पाय अपरिमेय आहे, त्यात असे आकडे ठरलेल्या क्रमानं परत परत येत नाहीत, मग हे कसं? बरोबरच आहे तिचं. 22/7 ही जवळची किंमत, हिशोबाला सोपी म्हणून वापरतात. आर्यभटानं 62832 भागिले 20000 म्हणजे 3.1416 दिलं आणि तरी सोबत "आसन्न" म्हणजे जवळपास असा शब्द घातला. दीड हजार वर्षांपूर्वी त्यानं घातलेला शब्द आज कार्डावर छापायला काय झालं होतं?

आणि तिसरी, जी मला खरंच लागली. लाल कार्ड : "आजचा महाराष्ट्र इंग्रजांच्या राजवटीतून कधी मुक्त झाला?" उत्तर 15 ऑगस्ट 1947. मुलगा लगेच म्हणला, "मग आपण शाळेत 17 सप्टेंबरला झेंडा कशाला लावतो?" आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 13 सप्टेंबर 1948 ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि 17 ला निजाम शरण आला, म्हणजे देशानंतर 13 महिन्यांनी. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं गावोगावची माणसं उभी राहिली, रझाकारांचा त्रास सोसला, आणि हे सगळं एका उत्तरात पुसून टाकायचं? आठ जिल्ह्यांच्या लेकरांना हे कार्ड खोटं वाटणार. प्रश्न नीट लिहिला असता तर हेच डब्यातलं सगळ्यात भारी कार्ड झालं असतं.

एक कार्ड आम्ही परत खेळलो नाही. किल्लारीचा भूकंप कधी झाला. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. सासूबाईंचं माहेर औश्याकडचं, किल्लारीच्याच भागातलं. लेकीनं प्रश्न वाचला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत, वाळू खाली गेली तरी नाहीत. मग म्हणल्या, "गणपती बोळवून नुकतीच माणसं निजली होती." दगडामातीची घरं कशी बसली, माळवदाची, म्हणजे सपाट छताची, माती कशी अंगावर आली, हे त्या पहिल्यांदाच लेकरांसमोर बोलल्या, मी लग्न होऊन आले तेव्हापासून मी पण एवढं ऐकलं नव्हतं. लेकीनं ते कार्ड डब्यात न ठेवता तिच्या कंपासमध्ये ठेवलंय.

बाकी बारीकसारीक : कार्डाचा कागद पातळ आहे, उजेडासमोर धरलं की मागचं उत्तर दिसतं, मुलाला हे दुसऱ्याच दिवशी कळलं. भूमितीच्या आकृत्या फार बारीक छापल्यात, सासूबाईच काय मला पण चष्मा लावावा लागतो. घड्याळ चांगलंय. डब्याचं झाकण महिन्यात फाटलं.

कोऱ्या कार्डांची कल्पना मात्र कुणाची असेल त्याला मनापासून शाबासकी. लेकीनं पहिलंच लिहिलं : गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, सगळे सारख्या अंतरावर धरले तर शेजारच्या दोन रस्त्यांत किती अंशाचा कोन? साडेबावीस. 9 कार्डं भरली, दहाव्यावरून दोघांची भांडणं चालूत.

घ्या म्हणून सांगेन, पण पेन हातात घेऊन बसा आणि ती तीन कार्डं आधी दुरुस्त करा.