दान दिलेली गाडी आणि माझ्या नावावर आलेले दंड

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये एक दिवस न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरी टर्नपाइक ह्या महामार्गाच्या टोलच्या दंडाची नोटीस आली. वर गाडीच्या मागच्या बाजूचा काळपट फोटो. नंबर आमचा. मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात गणपतीचा स्टिकर. सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या तेव्हा पुण्याहून आणून त्यांनीच तो चिकटवला होता. ती गाडी आम्ही ऑगस्टमध्ये आजारी मुलांसाठी म्हणून दान केली होती. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

झालं ते सगळं लिहिते आहे, कारण आमच्या ओळखीतल्या तीन-चार घरांत तरी जुनी गाडी दारात उभी आहे आणि ‘देऊन टाकू कुठंतरी’ असं बोलणं चालू आहे.

आमची २००८ची टोयोटा कॅमरी. मुलगा झाला तेव्हा त्याला हॉस्पिटलमधून ह्याच गाडीतून घरी आणलं. शेवटच्या वर्षभरात तिचं ट्रान्समिशन झटके द्यायला लागलं. मेकॅनिकनं दुरुस्तीचा आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीच्या पुढे जाणारा होता. नवरा म्हणाला, भंगारवाल्याला देऊ, जे येतील ते चारशे-पाचशे डॉलर घेऊ. मला ते पटेना. ज्या गाडीनं आपल्या मुलाला घरी आणलं ती दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या उपयोगी पडावी, असं मला मनापासून वाटत होतं. हट्ट माझाच होता.

रेडिओवर जाहिरात ऐकली आणि फोन केला. फोनवरचा माणूस फार गोड बोलला. संस्थेचं नाव एका मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या मुलांच्या संस्थेच्या नावाशी इतकं मिळतंजुळतं होतं, की मी तीच समजून चालले. गाडी चालू असो वा बंद, उद्या उचलून नेऊ, पैसे लागणार नाहीत, पूर्ण बाजारभावाएवढी करसवलत मिळेल, वर तीन दिवसांच्या हॉटेलचं व्हाउचर. कुठल्या हॉस्पिटलला पैसे जातात, असं मी विचारलं. “बऱ्याच ठिकाणी,” तो म्हणाला. तिथेच थांबून पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही.

शनिवारी सकाळी टो ट्रक आला. ड्रायव्हर घाईत होता. गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्यानं बॉनेटवरच पसरलं आणि मागच्या बाजूला विकणाऱ्याच्या सहीच्या जागी बोट ठेवलं. वर घेणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, मायलेज, किंमत असे रकाने होते. सगळे कोरे. मी विचारलं, इथे संस्थेचं नाव लिहू ना? तो म्हणाला, ते ऑफिसमध्ये भरतात, तुम्ही फक्त सही करा. मी सही केली. नवरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागची प्लेट काढत होता. एक बोल्ट गंजून घट्ट बसला होता, फिरेना. ड्रायव्हर म्हणाला, राहू द्या, आम्ही काढून टाकतो. आम्ही राहू दिलं. मुलाला गाडी जाताना रडू येत होतं, म्हणून त्यानं माझ्या फोनवर तिचा शेवटचा फोटो काढला.

हातात पडली ती टो कंपनीची पावती. तारीख, गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे काही आकडे आणि पेननं लिहिलेला ‘डोनेशन’ हा शब्द. दान घेणाऱ्या संस्थेचं नाव नाही, तिचा ईआयएन, म्हणजे करखात्याकडचा नऊ आकडी क्रमांक, नाही. सोमवारी मी गाडीचा विमा बंद केला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, गाडी तर गेलीच होती.

खरी मेख अशी, की माझ्या दृष्टीनं गाडी गेली होती, सरकारच्या दृष्टीनं नव्हती. घेणाऱ्याचं नाव न भरता सही केलेलं टायटल म्हणजे सही करून दिलेला कोरा चेक. ज्याच्या हातात तो कागद, तो वाटेल त्याचं नाव भरू शकतो किंवा कुणाचंच न भरता तसाच पुढच्याला विकू शकतो. मधला माणूस कागदावर येतच नाही, आणि एमव्हीसीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या, नोंदीत मालक म्हणून तुम्हीच राहता. आमच्या गाडीचं तेच झालं. ती कुणीतरी घेतली, आमच्याच प्लेटवर, विम्याशिवाय चालवली, आणि टोल, पार्किंग, सगळं माझ्या नावावर पडत गेलं.

न्यू जर्सीत प्लेट गाडीबरोबर जात नाहीत, त्या आपल्याकडेच राहतात. पुढची आणि मागची, दोन्ही काढून घ्यायच्या, दुसऱ्या गाडीला लावायच्या नसतील तर एमव्हीसीत जमा करायच्या आणि त्याची पावती घ्यायची. विमा त्यानंतर बंद करायचा, आधी नाही. आम्ही नेमकं उलट केलं. बाकी राज्यांतले नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी प्लेट गाडीवरच राहते, तेव्हा आपल्या राज्याचं आधी बघून घ्या. टोल आपोआप कापणारा ई-झेडपासचा टॅगही काचेवरून काढायला विसरू नका. तेवढा एक आम्ही काढला होता.

नोव्हेंबरपर्यंत टोलच्या सात नोटिसा आणि फिलाडेल्फियाची पार्किंगची दोन तिकिटं जमली. प्रत्येक टोलवर दंड लावलेला, आणि तो मूळ टोलपेक्षा कितीतरी जास्त. डिसेंबरात फिलाडेल्फियाजवळच्या एका यार्डाचं पत्र आलं. गाडी रस्त्यावर बेवारस सापडली आहे, उचलून आणल्याचे पैसे आणि रोजचं भाडं मालकानं भरावं. ते पाकीट हातात घेऊन मी जिन्यातच बसले. पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट खात होती. ज्या मुलांसाठी म्हणून गाडी दिली, त्यांच्यापर्यंत एक डॉलरही गेला नव्हता.

पोलीस स्टेशनला गेलो. ते म्हणाले, तुम्ही स्वतः सही करून गाडी दिलीत, त्यामुळे ही चोरी होत नाही. जाहिरातीतला फोन बंद झालेला. कामी आला तो मुलानं काढलेला फोटो. त्यात ट्रकच्या दारावरचं कंपनीचं नाव आणि नंबर स्पष्ट दिसत होते. टो कंपनीचा मालक भला निघाला. आम्हाला फक्त गाडी उचलायचे पैसे मिळाले होते, असं त्यानं सांगितलं आणि कोणत्या तारखेला गाडी उचलली, कुठं उतरवली, ते कंपनीच्या कागदावर लिहून दिलं. त्या एका पत्रावर टोलचे बहुतेक दंड माफ झाले. पार्किंगची तिकिटं आणि यार्डाचं बिल आम्हीच भरलं, सगळं मिळून नऊशे डॉलरच्या वर. मी टायटलचा फोटो काढून ठेवला असता, दोन्ही बाजूंचा, तर अर्धे हेलपाटे वाचले असते.

एप्रिलच्या आधी टॅक्स करणाऱ्या बाईंकडे गेलो तेव्हा दुसरं सत्य कळलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, फॉर्म १०९८-सी आला का? गाडी दान घेणारी संस्था ती विकते तेव्हा विक्रीनंतर ३० दिवसांच्या आत हा फॉर्म दात्याला द्यावा लागतो आणि गाडी कितीला गेली ते त्यात लिहिलेलं असतं. पाचशे डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची तर ह्या कागदाशिवाय ती मिळत नाही. आणि वजावट मिळते ती साधारणपणे विक्रीच्या किमतीएवढी, ब्लू बुकातल्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भावपुस्तकातल्या, भावाएवढी नाही. हे २००५पासून असंच आहे, २००४च्या कायद्यानं आणलेलं. त्याआधी लोक मनाला येईल तो भाव लावायचे. संस्था गाडी विकण्याऐवजी स्वतःच्या कामासाठी बराच काळ वापरणार असेल, तिची मोठी दुरुस्ती करणार असेल किंवा गरजू माणसाला अगदी कमी किमतीत देणार असेल, तरच बाजारभाव धरता येतो. म्हणजे फोनवरचं ‘पूर्ण बाजारभावाएवढी सवलत’ हे वाक्यच धडधडीत खोटं होतं.

बाई पुढे म्हणाल्या, “ताई, संस्था खरी असती तरी तुम्हाला ह्यात काही मिळालं नसतं.” ही वजावट फक्त खर्चांची यादी करून कर भरणाऱ्यांना मिळते. यादी न करणाऱ्यांना सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट २०२३ला नवरा-बायकोसाठी २७,७०० डॉलर होती. आमचं कर्जाचं व्याज थोडं, राज्याचा आणि घराचा कर तेव्हा १० हजारांवर अडवलेला. आमची यादी तिथपर्यंत पोचतच नव्हती. आपल्यातल्या कितीतरी घरांचं गणित हेच असेल. समजा यादी केलीच असती आणि गाडी लिलावात सातशेला गेली असती, तरी २२ टक्क्यांच्या टप्प्यात वाचले असते दीडशेच्या आसपास डॉलर. करासाठी म्हणून कुणी गाडी देत असेल तर हा हिशोब आधी कागदावर मांडा.

आता मी जाहिराती ऐकते तेव्हा मधल्या माणसाचा विचार करते. बऱ्याच संस्था स्वतः गाड्या हाताळत नाहीत. एक कंपनी जाहिरात करते, फोन घेते, टो पाठवते, गाडी लिलावात विकते, आपला खर्च आणि फी कापून घेते आणि उरलेलं संस्थेला देते. हे बेकायदेशीर नाही, पण किती उरतं ते विचारायलाच हवं. २०२४मध्ये फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांची फसवणूक रोखणारं केंद्रीय खातं) आणि १९ राज्यांनी अशाच एका गाडीदान कंपनीवर कारवाई केली. स्तनाच्या कर्करोगाच्या मोफत तपासणीच्या नावावर तिनं काही वर्षांत साडेचार कोटी डॉलरच्या वर गोळा केले होते. तपासणीवर खर्च झाले सव्वा लाखाच्या आसपास. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या गाड्यासुद्धा माझ्यासारख्याच कुणीतरी जीव लावून वापरलेल्या असणार.

पुण्याला भावाशी बोलले तर तो म्हणाला, इथेही आरसी नावावर म्हणजे गाडी आपलीच. खरंच आहे. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात तेच सांगितलं, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. तिकडे कुणी आश्रमाला किंवा संस्थेला गाडी देत असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत गाडी दिली असं मानू नका. आणि देणगीवरची करसवलत, जिला लोक ८०जी म्हणतात, ती पैशात दिलेल्या दानाला मिळते, गाडीसारख्या वस्तूला मिळत नाही, हेही तसं आश्वासन देणाऱ्या संस्थेला तोंडावर सांगा.

एक चांगलं उदाहरण आमच्या मंडळातल्याच एका काकांचं आहे. त्यांनी जुनी व्हॅन मधे कुणी न घालता थेट गावातल्या अन्नछत्राला दिली. तिथले लोक ती धान्य आणायला वापरतात. काकांनी आधी आयआरएस ह्या केंद्रीय करखात्याच्या करमुक्त संस्थांच्या शोधयादीत ईआयएन टाकून पाहिला, मग न्यू जर्सीच्या ग्राहक विभागात संस्थेची नोंद आहे का ते तपासलं, मग त्यांचा फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेचं वार्षिक हिशोबपत्रक, वाचला. (देवळं आणि चर्च त्या यादीत नसली तरी पात्र असू शकतात, त्यांच्याकडून लेखी घ्यावं.) अर्ध्या तासाचं काम, ते म्हणाले. मी सासूबाईंच्या स्टिकरची गाडी पाच मिनिटांच्या फोनवर दिली होती.

ग्राहक विभागाकडे मी तक्रार केली आहे, पावती आणि फोटोसकट. पैसे परत येतील अशी आशा मी धरलेली नाही, पण ते नाव कुठेतरी नोंदलं जावं. फिलाडेल्फियाच्या यार्डात जाऊन आम्ही दोन्ही प्लेट काढून आणल्या. तोच गंजलेला बोल्ट होता. तिथल्या माणसानं तेल सोडून दोन मिनिटांत काढून दिला. जमा केल्याची एमव्हीसीची पावती मी टॅक्सच्या फाइलमध्ये लावली आहे.

ह्या उन्हाळ्यात नवऱ्याची जुनी गाडी जाणार आहे. मी काकांच्या त्या अन्नछत्रात फोन केला. गाडी ठेवणार की विकणार, विकली तर किती पैसे तुमच्याकडे राहतात, टायटलवर कुणाचं नाव घालायचं, १०९८-सी कोण पाठवतं, सगळं विचारलं. पलीकडच्या बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. लिलावात विकणारी कंपनी कोण, तिची फी किती, तेही सांगितलं. फोन ठेवताना त्या आपणहून म्हणाल्या, “ट्रक यायच्या आधी प्लेट काढून ठेवा हं, आणि टायटलवर आमचं नाव तुमच्याच हातानं लिहा.”