कोडी की जेलीफिन : अर्धवट राहिलेला चित्रपट कुठून सुरू व्हावा?

चित्रपट आणि मालिकांचा घरचा संग्रह टीव्हीवर नीट मांडून पाहायचा ठरवले की मुक्त-स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअरमधली निवड बहुधा कोडी आणि जेलीफिन या दोघांवर येऊन थांबते. मी कोडी बरीच वर्षे वापरले, जेलीफिनकडे नंतर वळलो.

दोघांची घडण मुळातच निराळी आहे. कोडी एक्सबॉक्स या गेम खेळण्याच्या यंत्रावरचे प्लेअर म्हणून जन्मले. २०१४मध्ये त्याचे ‘एक्सबीएमसी’ हे नाव गेले, पण टीव्हीला जोडलेल्या यंत्रानेच सगळा भार उचलायचा हा त्याचा स्वभाव टिकून राहिला. एम्बी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा पुढचा विकास बंद-स्रोत झाल्यावर, २०१८च्या अखेरीस, त्याच्या खुल्या कोडमधून जेलीफिन फुटून निघाले. तिथे सारे काही सर्व्हरपाशी, म्हणजे फाइल पुरवणाऱ्या घरातल्या एका मध्यवर्ती संगणकापाशी, असते आणि टीव्ही, फोन किंवा ब्राउझर हे केवळ पाहण्याचे झरोके असतात.

नुसत्या चित्राचा आणि आवाजाचा विचार केला, तर माझ्या मते कोडीच सरस आहे. ते फाइल आहे तशी चालवते आणि सांगितल्यास चित्रपटाच्या फ्रेम-दराप्रमाणे (सेकंदाला किती चित्रे, त्याप्रमाणे) टीव्हीचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा ताजा होण्याचा वेगही बदलते. जेलीफिनमध्ये समोरच्या यंत्राला एखादा फॉरमॅट झेपला नाही की सर्व्हरला ट्रान्सकोडिंग, म्हणजे ती फाइल चालता चालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलण्याचे काम, करावे लागते. त्यात सबटायटल चित्ररूप (मजकुराऐवजी चित्रे म्हणून साठवलेली) असतील, तर माझ्या जुन्या संगणकाचा पंखा शेजारच्या खोलीतही ऐकू येतो.

तरीही माझा कौल फिरला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीमुळे. काय पाहून झाले आणि कुठे थांबलो, याची नोंद कोडी ज्या त्या यंत्रावरच ठेवते. ती सामाईक करण्यासाठी मी मारियाडीबी या डेटाबेस-सॉफ्टवेअरवर दोन्ही यंत्रांसाठी एकच डेटाबेस उभारला आणि काही महिने सारे सुरळीत चालले. पुढे मी एकाच यंत्रावर नवी आवृत्ती चढवली आणि दुसरे तसेच राहू दिले. मोठ्या आवृत्तीबरोबर डेटाबेसची रचना बदलते; विसाव्या आवृत्तीचा ‘मायव्हिडिओज१२१’ आणि एकविसाव्याचा ‘मायव्हिडिओज१३१’ हे वेगळे डेटाबेस आहेत. नवे यंत्र जुन्या नोंदी उचलून पुढे गेले, जुने मागच्याच वहीत लिहीत बसले, आणि पडद्यावर कसलीही सूचना आली नाही. संपवलेले भाग पुन्हा ‘न पाहिलेले’ दिसू लागले, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. हलगर्जीपणा माझाच होता, हे मान्य. पण चित्रपट पाहण्यासाठी डेटाबेसची राखण करावी लागावी, हे काही मनाला पटेना.

जेलीफिनमध्ये ही नोंद सर्व्हरवर, प्रत्येक व्यक्तीच्या खात्यानुसार राहते. सर्व्हर सतत चालू ठेवण्याची कटकट आहे खरी, परंतु ती मला तुलनेने सोसवली.

एकच टीव्ही असेल आणि चित्र-ध्वनीचा फार सोस असेल, तर कदाचित कोडीच पुरेसे ठरेल. दोन पडदे किंवा दोन पाहणारे असल्यास मी जेलीफिन सुचवेन. बैठकीच्या खोलीतले कोडी मात्र मी काढलेले नाही. जेलीफिनच्या ॲड-ऑनने, म्हणजे कोडीत बसवायच्या छोट्या जोड-सॉफ्टवेअरने, ते आता त्याच सर्व्हरला जोडले आहे, म्हणजे चित्र कोडीचे आणि नोंदवही जेलीफिनची.