मित्र, अनोळखी की ऑर्केस्ट्रावाले?

आमच्या मजल्यावरचा मुलगा बावीस वर्षांचा. गिटार वाजवतो, स्वतःची सहा गाणी तयार आहेत, आणि नोकरी शोधणार नाही असं घरी सांगून बसलाय. बँडसाठी त्याला 'टिकणारी माणसं' हवीत. मी पंधरा वर्षं बेस गिटार वाजवतोय, त्यातली निम्मी ऑर्केस्ट्रात. तिन्ही जातीच्या माणसांबरोबर वाजवून झालंय, म्हणून त्याच्यासाठी हे लिहितोय.

कॉलेजचे मित्र सगळ्यात सोपे. घरीच तालीम होते, आई पोहे करते, भाडं शून्य. ऑगस्टमध्ये झेवियर्स कॉलेजचा मल्हार, डिसेंबरमध्ये पवईला आयआयटीचा मूड इंडिगो, असे कॉलेजांचे महोत्सव असतात, तोवर उत्साहाला तोटा नसतो. शेवटचं वर्ष आलं की खरं कळतं. आमच्या ड्रमरने बेंगळुरूची नोकरी घेतल्याचं साउंडचेक झाल्यावर सांगितलं, प्रोग्रॅमला तास उरला असताना. तेही चालतं एकवेळ. पण मित्राला 'तुझी लय पळतेय' असं तोंडावर सांगता येत नाही. दोन वर्षं ती पळत राहिली, आणि आम्ही तिच्यामागे.

अनोळखी माणूस म्हणजे जॅमरूममध्ये, म्हणजे तालमीच्या भाड्याच्या खोलीत, चिठ्ठी लावून किंवा दुसऱ्यांच्या गिगला जाऊन हेरलेला. पहिल्याच दिवशी असं वाजतं की वाटतं, झालं काम! इथेच फसायला होतं. वादन ऐकण्याआधी विचारायचं, राहतोस कुठे? वसईचा गिटारवाला, डोंबिवलीचा बेसवाला म्हणजे मी, आणि पनवेलचा ड्रमर असा माझा एक बँड होता. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, तिन्ही लाइनी. मध्य साधून दर मंगळवारी दादरला भेटायचो. आठची वेळ, सुरुवात पावणेनऊला, कारण कुणीतरी कुर्ल्याहून 'पोचतोच' असा फोन करायचा. जॅमरूमचा मीटर मात्र आठपासून चालू. संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये बेसची केस घेऊन चढणं शक्यच नाही, म्हणून मी लगेजच्या डब्यात, मासळीच्या पाट्यांशेजारी. केसच्या अस्तराला तो वास अजून आहे. पाच महिन्यांत बँड मोडला. भांडण कुणाचंच झालं नाही. फक्त एकेक मंगळवार गळत गेला.

दुसरं विचारायचं, सध्या किती बँडांत आहेस? मुंबईत बरा ड्रमर एकाच बँडात सापडत नाही. तीन म्हणाला तर घाबरू नका. आकडा सांगायला कचरला तर मात्र घाबरा.

आता आमची जात, ऑर्केस्ट्रावाले. लोक नाक मुरडतात, 'ते काय, नाइट मोजून वाजवणार' म्हणतात. नाइट म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे. मोजतातच. पण दिलेली तारीख पाळतात. आमचा एक ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा) कार्यक्रमाची सुपारी आली की जुनी डायरी उघडतो, विचारतो, 'पट्टी कुठली?', आणि मुखडा, म्युझिक एक, अंतरा अशा चार ओळी खरडून थेट स्टेजवर बसतो. तालमीविना गाणं उभं राहतं. अडचणी दोन. गणपती ते नवरात्र तो तुमचा नाही, तेव्हा त्याचं वर्षाचं पोट भरतं. आणि ओरिजिनल गाणं दिलं की तो विचारतो, 'कुणासारखं वाजवू?' माझ्या एका मित्राला या प्रश्नाचा फार राग आला होता. मला वाटतं प्रश्न रास्त आहे. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचं गाणं अजून झालेलं नसतं.

पैशाचं थोडक्यात: मित्र आणि अनोळखी खर्च वाटून घेतात, ऑर्केस्ट्रावाल्याचा सगळा तुमच्या खिशातून. उलट, गाणं कुणाचं हा वाद ऑर्केस्ट्रावाला कधी घालत नाही, मित्र घालतात, तेही गाणं चालल्यावर. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे पहिल्याच महिन्यात कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीची चांगली बाजू घेतो, पण ते दोघे कोण हे तुम्हालाच ठरवायला लागतं.

माझं मत विचाराल तर तिघांची भेळ करा. गाणी ज्याला पाठ आहेत असा एक मित्र, तुमच्याच लाइनवर राहणारा एक अनोळखी, आणि पहिली दोन-तीन गाणी रेकॉर्ड होईपर्यंत ड्रमर नाइटवर. लागोपाठ चार मंगळवार जॅमरूम आगाऊ घ्या. चौथ्या मंगळवारी कोण हजर आहे ते बघा, बँडचं नाव मग ठरवा.

हे सगळं त्या मुलाला तोंडी सांगून झालं होतं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'काका, मग बेसला तुम्हीच या ना.'

मी विचारलं, नाइट किती?