पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचवून देतो म्हणणाऱ्यांना मी 62,140 रुपये दिले

62,140 रुपये रोख, आणि वर माझ्या पुस्तकाच्या 40 प्रती. किंमत 250 रुपये, म्हणजे त्याही 10,000 च्या झाल्या. 'लेखकांना ओळख मिळवून देणाऱ्या' एका टोळीने माझ्याकडून हे सगळं नेलं. इंदुरात, उज्जैन-देवासला, ग्वाल्हेरला कोणी मराठीत लिहीत असेल आणि नुकतंच पुस्तक काढलं असेल, तर तुम्हालाही फोन येईल. म्हणून लिहिते आहे.

आधी फोन, मग आजच्यापुरती सवलत, मग दिलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून आणखी पैसे, हा क्रम तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होता. वीजबिलाच्या, केवायसीच्या, अडकलेल्या पार्सलच्या फोनला मी कधी बधले नाही. पण हा माणूस ओटीपी मागत नव्हता, लिंक पाठवत नव्हता. तो माझ्या कथांबद्दल बोलत होता, स्वच्छ पुणेरी मराठीत, 'ताई' म्हणून. "ताई, बृहन्महाराष्ट्रातल्या लेखकांची दखल कोणी घेत नाही. तुमच्या कथा पुण्या-मुंबईत वाचल्या गेल्या पाहिजेत." महाराष्ट्राबाहेर राहून लिहिणाऱ्याला हे वाक्य किती आत जाऊन लागतं, ते बाहेर राहणाऱ्यालाच कळेल. आमच्या तीन पिढ्या इंदुरात गेल्या. 2001 साली साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा गर्दीत उभं राहून मी पुस्तकं घेतली होती. पण इथल्या माणसाने इथल्या छापखान्यात पुस्तक काढलं तर ते पुण्याच्या दुकानात ठेवणार कोण? परीक्षण लिहिणार कोण? नेमकी ही दुखरी जागा त्यांना पाठ आहे.

पहिलं पॅकेज 24,000 चं, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 28,320. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचे, 3,500 धरले होते. हे इथेच वाचून ठेवा: भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन करता येतो. कॉपीराइट नोंदणीलाही फार लागत नाही. साहित्यकृतीची सरकारी फी 500 रुपये आहे, आणि नोंदणी केली नाही तरी लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो. या दोन गोष्टींचे हजारो रुपये लावणाऱ्याशी पुढचं बोलणंच थांबवा. माझा आयएसबीएन शेवटपर्यंत आलाच नाही.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो.

पॅकेजमध्ये 'जाणकारांची परीक्षणं' होती. त्यासाठीच त्या 40 प्रती गेल्या होत्या. पहिलं परीक्षण आलं, मोबाइलवर. भाषा छान, चार परिच्छेद, माझ्या शीर्षककथेच्या नायिकेवर भरभरून लिहिलेलं. नायिकेचं नाव 'सुमती' लिहिलं होतं. माझ्या कथेत ती सुमन आहे. पहिल्या ओळीत सुमन, शेवटच्या ओळीत सुमन. 'सुमती' फक्त एका ठिकाणी आहे, मलपृष्ठावर. तिथे छापखान्याची चूक राहून गेली होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून सलत होती. म्हणजे परीक्षण लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. मलपृष्ठाचा फोटो काढून त्यावर चार परिच्छेद फुलवले होते. मी ते नाव वाचलं आणि थांबले. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी परक्या माणसाने माझ्या कथेवर लिहिलं होतं. वाचणाऱ्याची नजरचूक होऊ शकते, नावं सगळ्यांचीच चुकतात. त्या क्षणी दुसरा विचार कोणाच्या मनात आला असता? नंतर आणखी परीक्षणं आली. सगळ्यांत सुमती. तोवर दुसरा हप्ता गेला होता.

दुसरा हप्ता 'बेस्टसेलर मोहिमे'चा, 15,000 अधिक जीएसटी, 17,700. त्यांनी माझं ई-पुस्तक ॲमेझॉनवर 49 रुपयांना लावलं, एका कोपऱ्यातल्या उपवर्गात टाकलं, आणि एका संध्याकाळी 'क्रमांक 1' असा स्क्रीनशॉट आला. मी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. ॲमेझॉनच्या या खपाच्या याद्या दिवसातून अनेकदा बदलतात. जिथे पुस्तकंच कमी खपतात अशा उपवर्गात एकाच वेळी मोजक्या प्रती घेतल्या की नाव वर जातं, आणि दुसऱ्या दिवशी खाली. किती प्रती विकल्या गेल्या, कोणी घेतल्या, मला आजही दिसत नाही, कारण खातं त्यांनी स्वतःच्या नावावर उघडलं होतं. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्याच ई-पुस्तकांच्या सेवेवर, मराठी ई-पुस्तक टाकायला एक पैसाही लागत नाही. खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बँकेला जोडून उघडा. पासवर्ड दुसऱ्याकडे असेल तर पुस्तकही दुसऱ्याकडेच आहे.

फेसबुकवर 'एक लाख बारा हजार लोकांपर्यंत पोहोचलो' असा तक्ताही आला. एक लाख बारा हजार, आणि एकही माणूस मला काही विचारत नाही, एक शिवीसुद्धा नाही! जाहिरात खरंच चालू आहे का, हे मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या कंपनीच्या, ॲड लायब्ररीत कोणालाही फुकट बघता येतं. पानाचं नाव टाका, चालू जाहिराती दिसतात. माझ्या पुस्तकाची तिथे एकही नव्हती. हे मला भाच्याने दाखवलं, पण तोवर उशीर झाला होता.

मग 10,620. हे फेब्रुवारी 2025 च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनात ग्रंथप्रदर्शनात पुस्तक मांडायचे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे गेले होते. त्यांनी दालन न् दालन पालथं घातलं. माझं पुस्तक नाही, यांचा गाळाही नाही. संमेलनवाल्यांचा यात काही दोष नाही, त्यांचं नाव वापरलं गेलं. त्यानंतरही 5,500 गेले, 'राज्यस्तरीय पुरस्कारा'च्या सन्मानचिन्हाचे. पुरस्कारासाठी लेखकाकडून पैसे घेतात तेव्हा तो पुरस्कार नसतो, विक्री असते.

भाचा सीए आहे. बिल हातात घेताच तो म्हणाला, "मावशी, पत्ता सदाशिव पेठेचा, आणि नंबर 07 ने सुरू होतो?" जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र 27, आपलं मध्य प्रदेश 23, दिल्ली 07. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला तर तो भलत्याच कोणाचा, कापडाच्या व्यापाराचा निघाला. 18 टक्के कर म्हणून घेतलेले पैसेही खिशातच गेले. पैसे देण्याआधी बिल मागा आणि तो क्रमांक तपासा.

आता तक्रारीचं. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर नोंद केली, क्रमांक मिळाला. बँकेने सांगितलं, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. ठाण्यात गेले तर तिथल्या साहेबांनी परीक्षणं, व्हिडिओ, स्क्रीनशॉट पाहिले आणि म्हणाले, "मैडम, सर्विस तो दी है ना उन्होंने? ये कंज़्यूमर का मैटर है।" मी सुमन आणि सुमतीचा फरक समजावून सांगितला. खोटा जीएसटी क्रमांक दाखवला. त्यांनी विचारलं, "किताब कौन सी भाषा में है? मराठी? यहाँ मराठी किताब पढ़ता कौन है?" शेजारी बसलेला हवालदार हसला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीची शिक्षा लिहिली आहे, त्यात पुस्तक कोणत्या भाषेतलं असावं असं कुठे लिहिलंय? गुन्हा कुठेही घडला तरी एफआयआर घ्यावाच लागतो, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. कागद परत दिला. "पुणे का पता है, पुणे जाइए।" पुण्यात त्या पत्त्यावर असलं कोणी नाही, हे तर मी त्यांना सांगायलाच गेले होते! सायबर कक्षाने ठाण्याकडे पाठवलं, ठाण्याने सायबर कक्षाकडे. प्रत्येक टेबलावर पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच: बाईंना प्रसिद्धीची हौस होती. हौस? कोणी लिहिलं तर ते वाचलं जावं असं वाटणं ही हौस?

ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र सोडू नका. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मी केली आहे.

वाचक हवेत तर दिवाळी अंकांना कथा पाठवा. 1909 पासून मराठीत ही परंपरा आहे, आणि धडाचा संपादक कथेसाठी लेखकाकडून पैसे मागत नाही. गावोगावच्या वाचनालयांना प्रत पाठवा. त्या 40 प्रती मी 40 वाचनालयांना पाठवल्या असत्या तर निदान कपाटात तरी लागल्या असत्या.

तोच माणूस आता दुसऱ्या नावाने फोन करतो आहे. देवासच्या एका कवीला त्याने माझंच 'बेस्टसेलर' पुस्तक नमुना म्हणून दाखवलं. ठाण्यात म्हणाले होते, एकट्या बाईच्या तक्रारीवर काही होत नाही. तर ज्यांचे ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी बिल, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि सगळे मेसेज जपून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या. पोचपावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.