मिटल्यानंतर उरलेल्या कादंबऱ्या : आठ महिन्यांच्या वाचनाचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून मार्चअखेरपर्यंत मी अकरा मराठी कादंबऱ्या वाचल्या. त्यांत ऐतिहासिक, ग्रामीण, भयकथेच्या वळणाच्या आणि भविष्यकाळात घडणाऱ्या अशा सगळ्या तऱ्हा होत्या. पुस्तक वाचून संपले की त्याच रात्री त्याच्याविषयी मत बनवायचे नाही, वहीत फक्त नाव आणि तारीख टिपायची आणि दोन-अडीच महिन्यांनी जे आठवेल तेवढेच लिहायचे, असा नियम मी यावेळी घालून घेतला होता. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब सांभाळतो. आमच्याकडे मागावरून उतरलेल्या मालावर कोणी भाळत नाही. तो धुऊन, वाळवून, किती आटला आणि रंग किती सुटला हे पाहिल्यावरच त्याची प्रत ठरते. कादंबरीलाही एक धुणे मिळावे असे मला वाटले.

या कसोटीला सर्वांत भक्कम उतरली ती विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’. ही कादंबरी 1950 ची आहे. मालतीबाई बेडेकर यांचे हे टोपणनाव. ज्यांना इंग्रज सरकारने कायद्यानेच ‘गुन्हेगार जमाती’ ठरवले, त्या लोकांच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीचे जगणे त्यांनी नोकरीच्या निमित्ताने जवळून पाहिले होते, आणि कादंबरी त्याच पाहण्यातून आली आहे. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. तिथली माणसे इथल्या कापडगिरण्यांत राबत. आजही शहराच्या एका भागाला सेटलमेंट म्हणतात. रिक्षावाल्याच्या तोंडून, पत्त्यांवरून, मतदार याद्यांतून हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तो शब्द म्हणजे हजेरी, परवाना आणि कुंपण आहे हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका कादंबरीने सांगितले. 1871 पासून वेगवेगळ्या प्रांतांना लागू होत गेलेला तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. म्हणजे कादंबरी छापून आली तेव्हा तो कायदा देशातून पुरता गेलेला नव्हता. त्यामुळे लेखिका मागे वळून हळहळत नाही, चालू असलेल्या अन्यायाकडे बोट दाखवते, आणि हा फरक तिच्या वाक्यांना धार देतो.

दोन महिन्यांनी वहीचे पान उघडले तेव्हा कथानकातले बरेच दुवे माझ्या मनातून निसटलेले होते. उरली होती ती आत राहणाऱ्या माणसाची एक सवय : वरिष्ठ समोर आला की उत्तर देण्याआधी त्याचा चेहरा वाचायचा. ही सवय लेखिका कुठेही समजावून सांगत नाही, ती माणसांच्या बोलण्यातून झिरपत राहते. एक उणेही मोकळेपणाने लिहितो. काही ठिकाणी सुधारणेचा विचार पात्रांच्या तोंडी घातल्यासारखा येतो आणि तेवढ्यापुरते ते पात्र बोलायचे थांबून लेखिका बोलू लागते. तरीही सोलापूरच्या वाचकाने ही कादंबरी आयुष्यात एकदा वाचावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ मी जानेवारीत घेतली, तीही मुद्दाम. 14 जानेवारीला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा असतो, साती नंदीध्वज मिरवत येतात आणि अंगावर पांढरी बाराबंदी घातलेल्या भक्तांनी रस्ते फुलून जातात. 1761 साली त्याच तारखेला पानिपतावर मराठ्यांची फौज कापली गेली. दुपारी अक्षता टाकून घरी यायचे आणि रात्री त्या छावणीतल्या उपासमारीची पाने वाचायची, हा अनुभव मला फार जड गेला. या कादंबरीचे यश मला लढाईच्या वर्णनांत दिसत नाही. अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडल्यावर मराठ्यांची दक्षिणेकडची वाट तुटते, रसद आटते, आणि फौजेसोबत निघालेले बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले यांची तोंडे रोज भरायची कशी, हा प्रश्न पानापानांतून वाढत जातो. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला तो प्रश्न अंगावर काटा आणतो, कारण शिल्लक रोज घटत असल्याचे त्याला दिसत असते. मात्र सेनापतींचे संवाद मला पुष्कळदा नाटकी वाटले. प्रत्येक जण इतिहासाला उद्देशून बोलल्यासारखा बोलतो, आणि दोन महिन्यांनंतर त्यांतले एकही वाक्य मला आठवले नाही. भुकेने झाडपाला ओरबाडणारी जनावरे तेवढी आठवली.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मी तिचे नाव प्रथम ऐकले. धरणामुळे उठलेल्या गावातला एक माणूस मागे राहून गेलेली म्हैस आणायला पुन्हा त्या रानात जातो आणि म्हैस एव्हाना रानटी झालेली असते, एवढाच तिचा गाभा. ही कादंबरी मी एकट्याने वाचली नाही. माझे आजोळ करमाळा तालुक्यातले, उजनीच्या पाण्यात गेलेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तिथल्या जुन्या भिंतींचे माथे उघडे पडतात. आईची नजर आता अधू झाली आहे, म्हणून डिसेंबरात रात्रीच्या जेवणानंतर मी तिला रोज सात-आठ पाने वाचून दाखवत असे. पहिल्या दोन दिवसांत ती काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटत असताना तिने विचारले, “म्हशीला दावं होतं का सोडून दिली होती?” मी म्हटले, “का गं?” तर ती म्हणाली, “आमच्या अण्णांनी निघताना दावी कापून घेतली होती. जनावर सुटं असलं म्हणजे पाण्यात उभं राहून मरत नाही.” चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट तिने घरात कधी काढली नव्हती.

या कादंबरीची भाषा मला सुरुवातीला अवघड गेली. कोल्हापूरकडच्या डोंगरातली ती बोली, त्यात वाक्ये तुटक, माणूस आणि जनावर यांच्या मनातले एकमेकांत मिसळणारे, त्यामुळे पहिली चाळीस पाने मी दोनदा वाचली. मोठ्याने वाचू लागल्यावर मात्र ती सरळ चालू लागली, आणि ही कादंबरी डोळ्यांपेक्षा कानांनी वाचायची आहे असे माझे ठाम मत झाले. मधल्या भागात पाठलाग लांबतो, तेच तेच वळण पुन्हा येते. आईने मात्र तशी तक्रार केली नाही. रानात हरवलेले जनावर शोधायला इतका वेळ लागतोच, असे तिचे म्हणणे होते.

नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’विषयी थोडक्यात लिहितो. जत तालुक्यातल्या धनगर कुटुंबातील मुलाच्या शिकण्याची ही गोष्ट असून तिला 2018 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आहे. जत आम्हाला जवळचे, त्यामुळे कानडीच्या शेजारात वाढलेली तिची मराठी माझ्या कानाला घरची वाटली. उत्तरार्धात प्रसंग एकामागून एक येत राहतात आणि त्यांना बांधणारा संपादकाचा हात हवा होता असे वाटते, परंतु त्यातला एकही प्रसंग खोटा वाटत नाही.

नंदा खरे यांच्या ‘उद्या’ने माझी निराशा केली, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार नम्रपणे नाकारणाऱ्या या लेखकाविषयी माझ्या मनात आदर आहे. माणसांवर चहूकडून ठेवली जाणारी पाळत आणि त्यामागची आर्थिक यंत्रणा त्यांनी ज्या अभ्यासाने मांडली आहे तो अभ्यास मराठीत दुर्मीळ आहे. पण माहिती माणसांना झाकून टाकते. दोन महिन्यांनी मला विचार जसेच्या तसे आठवले, आणि ते विचार ज्यांच्या आयुष्यात घडले त्यांचे चेहरे आठवले नाहीत. निबंधाला हे चालले असते.

भयकथेकडे मी नारायण धारपांच्या जुन्या पुस्तकांमुळे वळलो. त्यांचे कौशल्य पहिल्या अर्ध्या भागात असते. बंद खोली, जिन्यावरची धूळ, घरात नव्याने आलेली एखादी वस्तू, अशा रोजच्या गोष्टींतून ते भीती हळूहळू मुरवत नेतात. दुष्ट शक्तींना हटवणारे ‘समर्थ’ हे पात्र ज्यांत आहे तिथे मात्र समर्थांचे पाऊल पडले की मला सुरक्षित वाटू लागते आणि पुढची पाने मी भरभर उलटतो. यातली एक प्रत मी विकत घेतली, तर तिच्यात सोळा पानांचा एक फर्मा दोनदा शिवलेला आणि पुढचा गायब निघाला, नेमका भीती शिगेला पोहोचते तिथला. विक्रेत्याने प्रत बदलून देण्यास नकार दिला, त्यामुळे तो भाग शेवटी मी वाचनालयातल्या प्रतीतून पुरा केला. प्रत घेताना पृष्ठांक सलग आहेत का एवढे जरूर पाहावे.

उरलेल्या कादंबऱ्यांपैकी तीन शहरी नातेसंबंधांच्या होत्या आणि वहीत त्यांच्या नावापुढे मला दोन ओळींपलीकडे काही लिहिता आले नाही. त्यांतली माणसे नोकरीला जातात, पण नोकरीत करतात काय ते कळत नाही. या अकराही पुस्तकांत मी आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातला माग शोधत होतो : घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कानडी बोलणारे विणकर कुटुंब, सुपात तंबाखू-पाने घेऊन दारात विड्या वळणाऱ्या बायका, रात्रपाळीत धोटा अडकला की गल्लीत अचानक पडणारी शांतता. यातले काहीच मला कुठे भेटले नाही. कोणा वाचकाला अशी कादंबरी ठाऊक असेल तर तिचे नाव मला अवश्य कळवावे.

‘बळी’ची प्रत मी अजून परत केलेली नाही. मुदत दोनदा वाढवून घेतली आहे, कारण ‘रिंगाण’ संपल्यावर आईने आता हेही वाचून दाखव म्हणून सांगितले आहे, आणि आमची तिसावी-बत्तिसावी पाने चालू आहेत.