गोळा कशावर टेकलाय ते आधी बघा

ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवर ठेवून वरचा गोळा फिरवला की कर्सर हलतो तसला माऊस, घ्यायला गेलं की दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘ऑप्टिकल आहे साहेब, साफ करायची कटकटच नाही.’ ऑप्टिकल म्हणजे गोळ्याची हालचाल उजेडाने वाचणारा. निम्मं खरं आहे. मी लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि सीझनला दिवाळी अंकाची पानं लावतो, दिवसभर हात लॉजिटेकच्या एर्गो एम५७५ या अंगठ्याने फिरवायच्या ट्रॅकबॉलवर असतो. तेव्हा उरलेलं निम्मं सांगतो.

गोळीवाला माऊस आठवतोय? पोटात रबर चढवलेली लोखंडी गोळी आणि तिला टेकलेले दोन रोलर, एक आडव्या हालचालीला, एक उभ्या. रोलरच्या टोकाला खाचा पाडलेली चकती, तिच्या एका अंगाला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या अंगाला तो उजेड टिपणारा सेन्सर. मोजणी तिथेही उजेडानेच व्हायची, पण गोळी आणि चकतीच्या मधे रोलर होता आणि सगळा मळ त्याच्यावरच बसायचा. मधोमध काळी, चिकट पट्टी. मग कर्सर आडवा लोण्यासारखा जाणार आणि उभा जाताना उड्या मारणार. वेलांटी रफारापासून केसभर सरकवायची असताना असला माऊस हातात असला, की तोंडून निघेल ते कमीच. त्या काळात डीटीपी करणाऱ्याच्या अंगठ्याचं नख कायम काळं. (सायबर कॅफेत तर गोळ्याच चोरीला जायच्या. कोण काय करायचं त्यांचं, देव जाणे.)

रोलरवाला ट्रॅकबॉल म्हणजे हेच यंत्र उलटं ठेवलेलं. हाताचा घाम थेट गोळ्यावर, तिथून रोलरवर.

ऑप्टिकलमध्ये मधला रोलरच गेला. १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला, तो टेबलाचे सेकंदाला १५०० फोटो काढून एकमेकांशी ताडून बघायचा. ट्रॅकबॉलमध्ये ही सोय त्याआधीच आली होती. लॉजिटेकच्या १९९५ च्या ट्रॅकमॅन मार्बलमध्ये गोळ्यावरच ठिपके होते आणि सेन्सर ते ठिपके वाचायचा. एम५७५ च्या गोळ्यावरची बारीक चमचम याच कामाची आहे, शोभेची नाही.

पण गोळा हवेत तरंगत नाही ना! एम५७५ चा ३४ मिलिमीटरचा गोळा वाटीतल्या तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो. अशा बैठकीच्या कुठल्याही ट्रॅकबॉलमध्ये मळ या मण्यांवर जमतो. फरक असा, की मळ साचला तरी कर्सर खोटं बोलत नाही. गोळा तेवढा जड होतो, सुरुवातीला अडतो आणि मग एकदम सुटतो. तळाच्या भोकातून पेन्सिलीचं मागचं टोक दाबलं की गोळा टपकन हातात येतो. मण्यांवर करड्या रंगाची बारकी टोपी दिसेल, ती कानकाडीने उचलायची, सेन्सरच्या खिडकीवर केस असला तर फुंकर मारायची, झालं. तेल घालू नका. काही जुने खेळाडू नाकाचा तेलकटपणा लागून गोळा सुळकन फिरावा म्हणून तो नाकावरून फिरवून परत बसवतात. किळसवाणं आहे, पण चालतं.

बाकी वस्तू म्हणून बरी. मनगट जागचं हलत नाही, टेबलावर प्रुफांचा ढीग असला तरी अडत नाही. एक डबल ए सेल घालायचा, कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर चालवलं तर २४ महिन्यांपर्यंत टिकतो असा कंपनीचा दावा आहे. डीपीआय, म्हणजे गोळा जरा फिरवला की कर्सर किती पळणार ते माप, २००० पर्यंत जातो, मी तो बराच खाली ठेवतो, कारण अक्षरांमधली जागा सारखी करताना वेग नको असतो. चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या, वक्र रेषा ओढायच्या पेन टूलने गणपतीची सोंड काढायची असेल तर मात्र साधा माऊस घ्या. बारीक वक्र ओढणं हे अंगठ्याचं काम नव्हेच, ट्रॅकबॉल कुणाचाही असो.

आणि डावखुरे असाल तर एम५७५ विसरा, त्याचा घाट फक्त उजव्या हाताचा. तुमच्यासाठी केन्सिंग्टनचा एक्सपर्ट माऊस आहे, मोठा ५५ मिलिमीटरचा गोळा, बोटांनी फिरवायचा, भोवती स्क्रोलची रिंग, कुठल्याही हाताला चालणारा. टेबलावर जागा मात्र बरीच अडवतो, दुकानात हात ठेवून बघितल्याशिवाय घेऊ नका.